म्हसकर काका आणि बदलापूरचा दिलीप

म्हसकर काकांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही, आतून प्रश्न येतो.

"कोण?"

"मी सुजाता, काका. समोरची."

"काल रात्री तुमच्याकडे भाजी कुठली होती?"

"वांगं."

"नुसतं वांगं?"

"वांगं-सुकट."

मग कडी निघते, साखळी निघते, वरचा बोल्ट निघतो, खालचा निघतो, आणि दोन बोटांच्या फटीतून काका आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे बघतात. आमच्या दोन दारांमधला पॅसेज जेमतेम चपला काढण्याइतका आहे. आमची फोडणी आमच्या हॉलच्या आधी त्यांच्या हॉलमध्ये पोचते, त्यामुळे उत्तर त्यांना ठाऊकच असतं. "आवाजाची नक्कल करता येते," ते मला समजावतात, "वासाची नाही."

अंबरनाथ पूर्वेला आमची इमारत. काका आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मालाची तपासणी करायचे. आलेला माल हातात घ्यायचा, खोट शोधायची, सापडली की 'रिजेक्ट' म्हणून बाजूला फेकायचं. जन्मभर हेच केलं आणि मन लावून केलं. निवृत्तीच्या कार्यक्रमात कंपनीने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर काकांनी ते स्टेजवरच कानाला लावलं आणि हार घालणाऱ्या साहेबांना सांगितलं, "लेट चालतंय."

कंपनी सुटली, पण तपासणी सुटली नाही. आता सगळं जगच त्यांच्यापुढे येऊन पडलेला माल होतं. दुधाची पिशवी ते वरची घेत नाहीत, खालून काढतात, आणि दूधवाला रोज म्हणतो, "चाचा, सब एकही भैंस का है." लिफ्ट आली की आधी रिकामी वर पाठवतात, खाली आली की मग बसतात. आमच्याकडून बुद्धपौर्णिमेची खीर गेली की आधी वाटीला हात लावून बघतात, मग विचारतात, "दूध कुठून घेतलंस? वरच्या पिशवीतलं की खालच्या?" आणि मग दोन वाट्या खातात.

त्यांचा शब्द ठरलेला, 'मेख'. "यात मेख आहे." पेपरबरोबर फुकट कॅलेंडर आलं, मेख. सेक्रेटरी हसून बोलला, मेख. पाणी वेळेवर आलं तर मोठीच मेख.

फोनवरून लोकांना गंडवणाऱ्या टोळ्यांनाही त्यांनी जेरीस आणलेलं. 'मैं बँक से बोल रहा हूँ' म्हणणाऱ्या एका पोराला त्यांनी बँकेच्या दाराशी झाड कुठलं आहे ते विचारलं, मॅनेजरला चष्मा आहे का विचारलं, आज सकाळी नाश्ता काय केलास विचारलं. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच बसले होते. शेवटी तो पोरगा कळवळून म्हणाला, "अंकल, आप रहने दो," आणि त्यानेच फोन ठेवला.

असा माणूस फसेल यावर आमच्या इमारतीत कोणी पैज लावली नसती.

एका दुपारी काका मोबाइल घेऊन आमच्याकडे आले. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात हिशेब बघते, म्हणून पैशातलं मला कळतं असा त्यांचा समज आहे. स्क्रीनवर नवा कोरा फ्रिज होता आणि खाली लिहिलेलं, सदतीस रुपये.

"यात मेख आहे," काका म्हणाले.

"असणारच. बंद करा."

"बंद कशाला? शोधून काढतो."

ती लिलावाची साइट होती. खेळ असा, की बोली लावायची तर आधी बोल्या विकत घ्यायच्या, मोबाइलच्या रिचार्जसारख्या. स्क्रीनवर बोट टेकवलं की आपली एक बोली खर्ची पडते, वस्तूची किंमत काही पैशांनी वाढते, आणि संपत आलेलं घड्याळ पुन्हा दहा सेकंदांवर जातं. घड्याळ शून्यावर पोचेल तेव्हा शेवटचं बोट ज्याचं, वस्तू त्याची. बाकीच्यांच्या बोल्यांचे पैसे परत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या शेठना सांगितलं. शेठ सिंधी, आयुष्य धंद्यात गेलेलं. ते हातातली जीन्स खाली ठेवून म्हणाले, "मतलब हारने वाले का पैसा भी गल्ले में? साईं, ऐसा धंधा तो हमको भी नहीं सूझा!" त्यांच्या आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं.

मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले, "तुझे शेठ बाहेरून बघतात. पैसे भरल्याशिवाय मेख दिसत नाही." आणि त्यांनी बोल्यांचं सगळ्यात छोटं पाकीट घेतलं, केवळ तपासणीसाठी.

घात असा झाला की ते जिंकले. एक टॉर्च, नऊ रुपयांना. आठवड्यात कुरिअरने घरी आला. काकांनी त्याचा स्क्रू न् स्क्रू सोडवला, भिंगातून बघितला, परत जोडला, पाण्यात बुडवला, आणि म्हणाले, "पास."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय म्हणालात?"

"पास आहे."

"सुजाता, ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. माझ्या पुरणपोळीलासुद्धा 'चालेल' म्हणतात."

साइट पास झाली आणि काकांचा सगळा संशय तिच्यावरून उठला. पण संशयाशिवाय त्यांना करमणार कसं? तो मग बोली लावणाऱ्या माणसांवर जाऊन बसला.

झालं असं, की टॉर्चनंतर काका एकही वस्तू जिंकेनात. मिक्सर गेला, इस्त्री गेली, कुकर गेला. प्रत्येक वेळी घड्याळ अगदी संपत आलं की एकच नाव वर यायचं: 'दिलीप एम., बदलापूर'. काका बोट टेकवायचे, की शेवटच्या सेकंदाला हा दिलीप. पुन्हा काका, पुन्हा दिलीप. बोल्या संपल्या की काका नवं पाकीट घ्यायचे.

"हा माणूस आपल्या ओळखीचा आहे," काका मला म्हणाले. "माझी चाल त्याला आधी कळते."

दुर्दैवाने माझे मिस्टर, मिलिंद, बदलापूरच्या शाळेत शिक्षक आहेत. बदलापूर आणि एम, एवढं काकांना पुरलं. एका सकाळी मिलिंद शाळेला निघाले आणि काकांनी त्यांना जिन्यात गाठलं. डोळ्यात डोळे घालून एकदम विचारलं, "काय मिलिंद, इस्त्री मिळाली का?"

मिलिंदनी अंगातल्या कडक शर्टाकडे बघितलं. "हो काका, आत्ताच. का?"

काकांनी "अच्छा" एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस मिलिंदना भाजी विचारूनही दार उघडत नव्हतं. मग एकदा काका 'साखर मागायला' म्हणून आमच्याकडे आले, सरळ स्वयंपाकघरात गेले, आमचा मिक्सर उचलून खालचं लेबल वाचलं आणि तो चांगलाच जुना निघाल्यावर हिरमुसून साखर न घेताच परत गेले. त्यांच्या यादीतून मिलिंद सुटले, आणि इमारतीखालचा इस्त्रीवाला दिलीप आला. तोही सुटला, कारण त्याच्याकडे बटणांचा फोन होता.

आणि मग एके दिवशी बेल वाजली. मी दार उघडलं तर काका. चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं फ्रिज जिंकले.

"सापडला," ते म्हणाले. "दिल्या आहे."

"कोण दिल्या?"

"माझा भाऊ. धाकटा. दिलीप म्हसकर. एम म्हणजे म्हसकर, आणि गाव बारवी धरणाच्या रस्त्याला, म्हणजे पत्ता बदलापूरचाच लागतो." ते बोटांवर मोजत पुरावे देऊ लागले. "कालपासून फवारणी पंपाला चिकटलाय. शेतकऱ्याशिवाय कोण घेईल? आणि शेवटच्या क्षणाला येणं! लहानपणी लपाछपीत असाच करायचा. मी राज्य घेऊन दमायचो, सगळे सापडायचे, हा नाही. मी कंटाळून घरी जायला निघालो की मागून येऊन धप्पा द्यायचा. तोच आहे. लबाड!"

'लबाड' म्हणताना ते हसत होते. मला या भावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून त्या घरात कधी निघालंच नव्हतं.

ते काकूंनी मला नंतर सांगितलं. गावच्या घरामागे आंब्याचं झाड आहे. दिलीपभाऊ दर उन्हाळ्यात टोपली पाठवायचे. काका ती जमिनीवर ओतायचे आणि तपासायचे. एका वर्षी खालच्या थरात डागी आंबे निघाले. तेवढ्यात पुतण्याची हळद आली, सगळा गोतावळा मांडवात, बँड वाजतोय, आणि काका भावाला म्हणाले, "चांगले घरी ठेवतोस आणि पाखरांनी टोचलेले मला पाठवतोस. वर चांगले रचलेस म्हणून मला कळणार नाही?"

"भावजींनी ऐकलं," काकू म्हणाल्या. "हातातलं ताट खाली ठेवलं आणि आत गेले. तेव्हापासून आंबा नाही, फोन नाही, काही नाही. खूप वर्षं झाली. हे म्हणतात, त्याने फोन करावा. ते म्हणत असतील, यांनी करावा."

हे बोलता बोलता काकूंनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ गं काय येतंय सारखं. मला धूसर दिसतं."

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनसाठी दोघांच्या नावावरच्या खात्यात पैसे बाजूला ठेवलेले, आणि त्या खात्याचे मेसेज काकूंच्या फोनवर यायचे. मी वाचत गेले. छोट्या छोट्या रकमा, एकामागून एक, सगळ्या त्याच साइटला. प्रत्येक रक्कम अशी, की एकटी बघितली तर कोणी हरकत घेणार नाही. पण शेवटच्या मेसेजमध्ये खात्यात जे उरलं होतं, त्यात एका डोळ्याचंही ऑपरेशन होणार नव्हतं.

"कसले गं मेसेज?" काकूंनी विचारलं.

"बघते मी," म्हणाले. आणि बघायचंच ठरवलं.

मला काकांच्या दिलीपबद्दलच शंका येत होती. हा माणूस दमत नाही, जेवायला उठत नाही, त्याच्या बोल्या संपत नाहीत. शेतकरी माणूस भर दुपारी मिक्सरसाठी बोट घेऊन बसेल? मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्या साइटवर नाव नोंदवलं. पत्ता मात्र माझा दिला नाही, नागपूरला असणाऱ्या बहिणीचा दिला, तिचाच पिनकोड. मग लिलाव उघडला. एक पंखा चालू होता. घड्याळ संपत आलं आणि वर नाव आलं: 'दिलीप एम., कामठी'.

कामठी म्हणजे नागपूरच्या शेजारचंच गाव. शेठना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ये आदमी नहीं है. ये सबका पड़ोसी है."

रविवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. आदल्या रात्रीची भाजी सांगितली, आत गेले, आणि माझा फोन त्यांच्या फोनशेजारी टेबलावर ठेवला. दोन्हीवर एकच लिलाव, एकच घड्याळ. काकांना म्हटलं, "नुसतं बघा."

घड्याळ उतरत गेलं. त्याच क्षणी काकांच्या फोनवर आलं 'दिलीप एम., बदलापूर' आणि माझ्या फोनवर 'दिलीप एम., कामठी'. पुन्हा घड्याळ उतरलं, पुन्हा तसंच.

काकांनी दोन्ही फोन हातात घेतले, एकमेकांना लावून बघितले, माझा फोन उलटा करून मागची बाजू बघितली. मग दोन्ही टेबलावर ठेवले.

"मशीन आहे?"

"हो काका. आपण ज्या गावाचा पत्ता देऊ, त्याच्या शेजारचं गाव लावतं. आपल्याला वाटतं जवळचाच कोणी खेळतोय. जिंकायच्या वेळी तेच जिंकतं. तो टॉर्च तुम्हाला चटक लावायला होता."

मला वाटलं, आता ते पैशांचं विचारतील. साइटला शिव्या देतील, निदान 'मेख' तरी म्हणतील. काकांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तो पंप दिल्याला नाही मिळाला?"

"कुठला पंप?"

"फवारणीचा. परवा. मी आणि तोच उरलो होतो शेवटी. माझ्या बोल्या होत्या शिल्लक, जिंकलो असतो." ते थांबले. "मी बोट उचललं. म्हटलं, घेऊ दे. त्याला लागतो शेताला. मोठ्याने धाकट्याशी किती खेचायचं?"

दाराशी काकू उभ्या होत्या. मेसेजचं मला मग त्यांनाही सांगावं लागलं. काका मान खाली घालून ऐकत होते. काकू रागावल्या नाहीत, हेच त्यांना जड गेलं असावं. काकू एवढंच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांचं पुढे बघू. तुम्ही आधी गावाला जाऊन या."

"मी कशाला जाऊ?" काका एकदम ताठ झाले. मग जरा विचार करून माझ्याकडे वळले. "तसं बघितलं तर मशीन आहे हे सुजाताचं म्हणणं. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी कसं मान्य करू? पंप त्याच्याकडे आहे की नाही, हे बघायला पाहिजे."

काकूंनी मला आत बोलावून सांगितलं, "तू जा बरोबर. एकटे गेले तर अर्ध्या रस्त्यातून परत येतील."

माझ्या स्कूटरवर बसण्याआधी काकांनी दोन्ही टायर दाबून बघितले, ब्रेक दोनदा मारायला लावले. बदलापूर मागे पडलं, धरणाचा रस्ता लागला. गावात शिरायच्या वळणावर म्हणाले, "थांब जरा." मला वाटलं, फिरले. पण त्यांनी खिशातून कंगवा काढून केस विंचरले आणि म्हणाले, "चल."

घरामागच्या तुकड्यात एक माणूस पाठीवर फवारणीची टाकी घेऊन भेंडीवर औषध मारत होता. टाकी जुनी, पट्टा तुटलेला, त्या जागी सुतळी बांधलेली. पाठीत वाकलेला, डोक्यावर एक काळा केस नाही. दोन रोपं झाली की थांबून दम खायचा.

काका बांधावर उभे राहून बघत राहिले. तो माणूस वळला, कपाळावर हात धरून त्याने बघितलं, आणि हातातली नळी खाली गेली.

"काय बघाला आलास?" दिलीपभाऊंनी विचारलं.

"तुज्याकडं नवा पंप हाय का, ते बघाला," काका म्हणाले. अंबरनाथला मी त्यांची ही भाषा कधी ऐकली नव्हती.

"कनचा नवा पंप?"

"फोनवरच्या लिलावात तू घेतलास ना?"

"मी? मला फोन लावाला पण सून लागतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही उलगडा करीन.

काका म्हणाले, "मी फसलो, दिल्या. लय फसलो."

काका चपला काढून भेंडीत शिरले. "दे इकडं," म्हणत भावाच्या पाठीवरची टाकी उतरवली, स्वतःच्या पाठीवर घेतली आणि दांडा हलवायला लागले. औषध रोपांवर कमी आणि त्यांच्या धोतरासारख्या वर ओढलेल्या पँटीवर जास्त पडत होतं.

"पानाच्या खालून मार," दिलीपभाऊ मागून म्हणाले. "खालून. कीड खाली असतं."

"मला माहीत हाय."

"काय नाय माहीत तुला."

असं करत दोघांनी उरलेली भेंडी संपवली. जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. आंब्यांचं नाव कोणी काढलं नाही. पैसे किती गेले, तेही दिलीपभाऊंनी विचारलं नाही, फक्त सुनेला म्हणाले, "त्याला अजून वाढ."

पैसे परत आले नाहीत. आम्ही तक्रार नोंदवली, पण तोवर साइट बंद झाली होती, आणि दुसऱ्या नावाने उघडली असेल तर ठाऊक नाही. काकूंच्या डोळ्यांसाठी शेठनी कॅम्पमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात शब्द टाकला, आणि ऑपरेशन जरा उशिरा, पण झालं.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. ऊन उतरलेलं, काका मागे बसलेले, कपड्यांना औषधाचा वास. धरणाचं वळण आलं. मग माझ्या खांद्यामागून आवाज आला.

"सुजाता, दिल्या म्हातारा झाला गं."

मी "हं" म्हटलं.

"फोनवर खेळताना मला तो हाफचड्डीतलाच दिसायचा."

मी स्कूटर हळू केली. मागून भरधाव गाड्या येत होत्या, आणि काकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.